चहा पॅव्हिलियनच्या बाहेर

गोल्फ म्हटले की आपल्या मराठी मनासमोर एकच चित्र उभे राहते. हिरवेगार मैदान, पांढरी टोपी घातलेला साहेब, आणि त्याच्या मागे काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा पोरगा. साहेब कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. पोरग्याचे नाव सहसा कोणी विचारत नाही. मंडळी, आजचा हा लेख त्या पोरग्याबद्दल आहे.

तसा मी काही गोल्फ खेळणारा नव्हे. पण आमच्या आयटीच्या धंद्यात क्लायंटशी बोलताना हा विषय टाळता येत नाही. शिवाय आपण ओमानमध्ये राहतो. मस्कतच्या अल मौज येथील गोल्फ कोर्सवर 2018 ते 2020 अशी तीन वर्षे ओमान ओपन ही युरोपियन टूरची स्पर्धा झाली. इकडे सलालाहला खरीफ सुरू झाला की इत्तीनचे डोंगर आणि वादी दरबात इतके हिरवे होतात की कोकणात आल्यासारखे वाटते, आणि त्या हिरवळीवर उंट आणि गाई निवांत चरत असतात. ते पाहिले की मला हटकून आठवते ते इंग्लंडमधले एक गोल्फचे मैदान.

मास्टर्स करण्यासाठी मी इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या एक्झिटर शहरात होतो. त्याच परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर वेस्टवर्ड हो! नावाचे गाव आहे. गंमत म्हणजे नावातले उद्गारचिन्ह माझे नाही, गावाचेच आहे! चार्ल्स किंग्जले यांच्या 1855 सालच्या कादंबरीवरून गावाला हे नाव मिळाले. तिथल्या रॉयल नॉर्थ डेव्हन गोल्फ क्लबची स्थापना 1864 ची. मैदान गावकऱ्यांच्या सामाईक गायरानावर आहे, त्यामुळे आजही तिथे मेंढ्या आणि घोडे चरतात आणि खेळणारे त्यांना वळसा घालून पुढे जातात. एका रविवारी मी तिथे गेलो, तो समुद्र बघायला. परतताना मात्र डोक्यात एका माणसाचे नाव घेऊन आलो, जॉन हेन्री टेलर. इंग्लंडमध्ये त्याला जे. एच. टेलर म्हणून ओळखतात.

टेलर 1871 साली वेस्टवर्ड हो!ला लागून असलेल्या नॉर्दम गावात जन्मला. घर मजुराचे. वडील लवकर गेले. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा कामाला लागला. कधी मैदानावर कॅडी म्हणून काठ्या वाहायच्या, कधी गवंड्याच्या हाताखाली राबायचे, कधी बड्या घरी बूट पुसायचे. ज्या हचिन्सन कुटुंबाकडे तो नोकर होता त्यांचाच मुलगा होरेस हचिन्सन पुढे 1886 आणि 1887 असा सलग दोनदा ब्रिटनचा हौशी विजेता झाला. टेलर त्याच्या काठ्या वाहायचा. सैन्यात जायचे म्हटले तर तळपाय सपाट आणि नजर अधू, म्हणून तिथे नकार मिळाला. मग उरले ते मैदानच. गवत कापायचे, पाणी घालायचे, वाळूचे खड्डे सारखे करायचे. म्हणजे आपल्या भाषेत माळीकाम.

त्या काळी व्यावसायिक गोल्फपटू असाच घडत असे. कॅडी, मग माळी, मग क्लबचा नोकर. सभासदांच्या काठ्या दुरुस्त करायच्या, त्यांना खेळ शिकवायचा, मैदान राखायचे आणि उरलेल्या वेळात स्पर्धेत खेळायचे. सभासद हे 'जंटलमन', पैशांसाठी न खेळणारे हौशी. व्यावसायिक म्हणजे पगारी माणूस. कितीही चांगला खेळला तरी क्लबहाउसच्या पुढच्या दाराने त्याने आत यायचे नाही, ही रीतच होती.

1894 साली ब्रिटिश ओपन ही सर्वांत मानाची स्पर्धा प्रथमच स्कॉटलंडबाहेर, इंग्लंडमधल्या सँडविच येथे झाली. तेवीस वर्षांच्या टेलरने ती पाच फटक्यांच्या फरकाने जिंकली. याआधी दोन इंग्रजांनी ही स्पर्धा जिंकली होती, पण ते दोघेही हौशी होते. जिंकणारा पहिला इंग्लिश व्यावसायिक टेलरच. पुढच्या वर्षी त्याने गोल्फची पंढरी समजल्या जाणाऱ्या सेंट अँड्र्यूजमध्ये पुन्हा बाजी मारली. नंतर 1900, 1909 आणि 1913. एकूण पाच वेळा! हॅरी वार्डन, जेम्स ब्रेड आणि टेलर या तिघांनी 1894 ते 1914 या एकवीस वर्षांत सोळा वेळा ही स्पर्धा आपल्याकडे ठेवली. तिघेही कष्टकरी घरांतले.

पण माझ्या दृष्टीने टेलरची खरी कामगिरी या पाच विजयांपेक्षा वेगळी आहे. व्यावसायिकाचे पोट पगारावर कमी आणि त्याच्या छोट्या दुकानावर जास्त चालायचे. काठ्या आणि चेंडू विकणे, दुरुस्ती करणे ही त्याची मिळकत. 1900 च्या आसपास काही क्लबांनी हे दुकान जास्त पैसे देणाऱ्याला लिलावासारखे द्यायला सुरुवात केली. पोटावरच पाय आला. तेव्हा 1901 साली टेलरने पुढाकार घेऊन सगळ्यांना एकत्र आणले आणि व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना उभी केली. तीच आज पीजीए म्हणून ओळखली जाते. पहिला अध्यक्ष टेलर. अकराव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस सभेत इतके ठाशीव बोलायचा की क्लबच्या सचिवांना त्याचे ऐकावे लागे. त्याला पुरते कळले होते की एकट्याने कितीही कप जिंकले तरी दार उघडत नाही. कप जिंकणाऱ्याचे कौतुक होते आणि बाकीचे सगळे बाहेरच राहतात.

टेलरचे हे चरित्र वाचत असताना मला मात्र सारखे पुणे आठवत होते. टेलर नॉर्दमच्या मैदानावर गवत कापत होता, त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या पुण्यात एक तरुण दुसऱ्या एका साहेबी खेळाच्या मैदानावर रोलर फिरवत होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार. वडिलांची लष्करात नोकरी, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर भावंडे खेळायला शिकली. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात, मैदान झाडायची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायची. पगार महिना तीन रुपये. मग 1892 च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपयांवर काम मिळाले. जाळी उभारायची, रेषा आखायच्या, टेनिस कोर्ट राखायचे, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्यांच्याकडून सराव करून घेत. बाद केले की आठ आणे बक्षीस, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी मात्र बाळूंच्या वाट्याला आली नाही. ती साहेबांनी करायची!

बघा, साम्य किती आहे! दोघेही मैदानाचे नोकर. दोघेही मालकांना सराव देता देता मालकांपेक्षा सरस झाले. इथवर गोष्ट एकच आहे. इथून पुढे मात्र वाटा फुटतात.

पुण्याच्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचे होते. चांगला फिरकी गोलंदाज हाताशी होता, पण तो अस्पृश्य. घ्यावे की न घ्यावे, यावर बरीच चर्चा झाली आणि अखेर जिंकण्याच्या ओढीने बाळूंना संघात घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू पॅव्हिलियनमध्ये चिनीमातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे टेबलही वेगळे. न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना सुनावले होते की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी. लोकमान्यांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. पण सभेतला गौरव निराळा आणि रोजचा चहा निराळा.

टेलरला क्लबहाउसच्या बाहेर ठेवले ते तो गरीब आणि पगारी होता म्हणून. त्याच्या हातचे कोणी टाळले नाही. त्याच्या मुलाने शिकून पैसा मिळवला असता तर तो मुलगा त्याच क्लबचा सभासद होऊ शकला असता. बाळूंच्या बाबतीत पगार हे कारणच नव्हते. पुढे मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळले, रेल्वेत नोकरीला लागले, नावाजले गेले, तरी कपाळावरची जात पुसली गेली नाही.

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. बंगालच्या फाळणीनंतरचे स्वदेशीचे दिवस, त्यामुळे देशभर आनंद झाला. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज फार थोडे सामने खेळले. संघ तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84! वय पस्तिशीच्या आसपास, खांदा दुखत होता, हवा परकी, तरीही! इंग्लिश कौंटींनी बोलावले असते तर तिथे ते सहज व्यावसायिक म्हणून स्थिरावले असते असे मला वाटते. त्याच उन्हाळ्यात टेलर लंडनजवळ रिचमंड येथे रॉयल मिड-सरे क्लबात नोकरीला होता. दोघे एकमेकांना भेटले असण्याचे काही कारण नाही. पण एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात हे दोन माळी आपापल्या मैदानावर राज्य करत होते, ही कल्पना मला फार आवडते.

परत आल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. प्रश्न राहिला तो कर्णधारपदाचा. अनुभव, कामगिरी, खेळाची जाण, सगळ्यांत ते पुढे. पण हिंदू संघाचे कर्णधारपद दर वर्षी दुसऱ्या कोणाकडे जाई. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. खुद्द इंग्लंडच्या संघाने व्यावसायिक खेळाडूला पूर्णवेळ कर्णधार केले ते 1952 साली, लेन हटन यांना. म्हणजे साहेबाच्या घरीही पगारी माणसाने हुकूम करणे मान्य नव्हते. बाळूंच्या वाटेत साहेबांचा हा वर्गभेद होताच, आणि त्यावर आपला घरचा जातिभेद.

1920 साली गोष्ट निकराला आली. बाळूंना संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा ते पद बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे येणे रास्त होते, पण ते दि. ब. देवधरांना मिळाले. देवधर मोठे खेळाडू, याबद्दल वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीर निवेदन देऊन मांडली. आम्हाला दया नको, गुणवत्तेप्रमाणे न्याय हवा, असा त्याचा आशय. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, लोकमत भावंडांच्या बाजूने झुकले. अखेर अंतिम सामन्यासाठी तिघा भावांना संघात घेतले, बाळूंना उपकर्णधार केले, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ का होईना, बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. तीन वर्षांनी, 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

मला या सगळ्याचे सार इथे दिसते. बाळूंनी वीसेक वर्षे बळी घेतले तेव्हा दार किलकिले झाले. दोघा भावांनी मिळून 'आम्ही खेळणार नाही' म्हटले तेव्हा ते उघडले. टेलरनेही 1901 मध्ये नेमके हेच ओळखले होते. हुशारी माणसाला उंबरठ्यापर्यंत आणते. आत यायचे तर सोबत कोणीतरी लागते, आणि वेळप्रसंगी 'नाही' म्हणण्याची तयारी लागते.

टेलरच्या व्यावसायिकांनाही वाट पाहावी लागलीच. 1920 मध्ये अमेरिकेचा वॉल्टर हेगन ब्रिटिश ओपनसाठी डील येथे आला, तेव्हा क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही म्हणून त्याने दारासमोर एक आलिशान मोटार उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले! त्याच वर्षी अमेरिकेत इनव्हर्नेस क्लबने व्यावसायिकांना आपली दारे उघडली, तेव्हा खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उभे घड्याळ भेट दिले. दार उघडले म्हणून भेट! काय वाटले असेल त्यांना, विचार करा.

टेलरचा शेवट गोड झाला. 1933 साली त्याच्या नेतृत्वाखाली ब्रिटनने अमेरिकेकडून रायडर कप जिंकून घेतला. 1957 मध्ये, ज्या रॉयल नॉर्थ डेव्हनच्या मैदानावर त्याने काठ्या वाहिल्या त्याच क्लबचा तो अध्यक्ष झाला. 1963 च्या फेब्रुवारीत, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन तो आपल्या जन्मगावीच वारला. त्याच्या अवघे तीन महिने आधी इंग्लिश क्रिकेटने हौशी आणि व्यावसायिक हा भेद कायमचा रद्द केला होता.

बाळू पुढे राजकारणात आले. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी ते महात्माजींच्या बाजूने उभे राहिले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि ते थोड्या मतांनी हरले. पहिल्या श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21 एवढे आकडे मागे ठेवून 1955 साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. विठ्ठल यांनी मात्र 1948 मध्ये 'माझे क्रीडा जीवन' लिहिले. आपण लहानपणी विजय मर्चंट, वाडेकर, गावसकर पाठ केले. बाळूंचे नाव आपल्या शाळेत किती जणांनी ऐकले होते? रामचंद्र गुहा यांनी 2002 मध्ये इंग्रजीत लिहिले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ते प्रथम कळले.

परदेशातही ही गोष्ट काही वेगळी नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनजवळचा पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी. शिकवायला कोणी नव्हते, त्यामुळे काठी उलट्या हातांनी धरायचा! तरीही 1959 साली त्याने डच ओपन जिंकली. 1963 मध्ये गोऱ्यांना हरवून नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यापायी त्याला क्लबहाउसमध्ये घेतले नाही. पाऊस पडत होता, गोरे खेळाडू आत, आणि विजेत्याने करंडक घेतला तो बाहेर पावसात उभा राहून. पुण्यातला तो मातीच्या भांड्यातला चहा आणि हा पाऊस, माझ्या मते एकाच घरचे.

आज चित्र बरेच बदलले आहे. कोलकात्याच्या गोल्फ क्लबातल्या माळ्याचा मुलगा शिवशंकर चौरसिया याने 2016 आणि 2017 असे सलग दोनदा इंडियन ओपन जिंकले. पुण्याचा उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे गोल्फ खेळला. आनंदाची गोष्ट आहे.

आता आपल्याकडे वळतो. आपण सगळे हातातल्या कौशल्यावर इथे आलो. कंत्राटी सल्लागार म्हणून मी एके ठिकाणी काम करत होतो, तिथे आमच्या ओळखपत्राचा रंग वेगळा होता आणि जेवणाची खोलीही वेगळी. काम मात्र तेच, कधी कधी जास्तच! तेव्हा वाईट वाटायचे. पण मी पॅव्हिलियनच्या किती जवळ उभा होतो, आणि माझ्याही मागे किती जण उभे होते, हे बाळूंची गोष्ट कळल्यावर जास्त लक्षात आले.

हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी आपण इथे क्रिकेट खेळतो. आपण पोहोचायच्या आधी कोणीतरी मैदानातले दगड वेचलेले असतात, मॅट अंथरून खिळे ठोकलेले असतात, पाण्याचे कॅन भरून ठेवलेले असतात. ती मुले बहुतेक आपल्याच देशातली, काही शेजारच्या. सामना चालू असताना ती सीमेपलीकडे उभी राहून बघतात, आणि चेंडू त्यांच्याकडे गेला की असा सरळ फेकतात की यष्टिरक्षकाला हलावे लागत नाही. पुढच्या हंगामात संघांच्या याद्या लिहिताना त्यांची नावे विचारून घ्यावीत, असे मी मंडळाच्या क्रीडा समितीला सुचवतो. आणि मधल्या वेळेचा चहा सगळ्यांनी एकाच ठिकाणी, एकाच किटलीतून घ्यावा. डावखुरा फिरकी गोलंदाज सापडला तर आपलाच फायदा आहे!